तुरुंगात बडा कैदी दगावला की संशय का उठतो, आणि तो तपासायचा कसा?

प्रश्न खानापूर तालुक्यातल्या एका हायस्कूल शिक्षकांचा आहे. थोडक्यात असा: नावाजलेला कैदी कोठडीत मेला की त्याच रात्री मोबाइलवर ‘मारला’, ‘संपवला’ असे निरोप फिरू लागतात. सरकार सांगते आत्महत्या, नाहीतर हृदयविकार. घरातले थोरले म्हणतात, आतले सगळेच मृत्यू घडवून आणलेले असतात. तुम्ही बेळगावच्या कोर्टात आयुष्यभर फौजदारी वकिली केली, कोठडीत गेलेल्यांच्या घरच्यांची वकीलपत्रे घेतली, तर यातले किती खरे धरायचे?

सर, पहिल्या दिवशी मी कुणाचेच खरे धरत नाही. प्रशासनाचा दोन ओळींचा खुलासा धरत नाही आणि मोबाइलवरचा निरोपही धरत नाही. पण लोकांना संशय येतो यात लोकांची चूक आहे, असे मात्र मी कधीच म्हणणार नाही. बाहेर माणूस गेला तर शेजारी धावून येतात, डॉक्टर आपल्या ओळखीचा असतो, पोलीस नंतर येतात. चार जण चार बाजूंनी पाहतात. आत गेला तर ज्याने दार लावले तोच पहिला पाहणारा. वहीत वेळ लिहिणारा तोच. कॅमेऱ्याचे फुटेज त्याच्याच ताब्यात. बरॅकमधले सोबती साक्षीदार म्हणावेत तर त्यांचे जेवण, घरच्यांची मुलाखत, पॅरोलची शिफारस सगळे त्याच खात्याच्या हातात. मग घरच्यांनी पुरावा आणायचा कुठून?

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ही अडचण ओळखली आहे. मध्य प्रदेश सरकार विरुद्ध श्यामसुंदर त्रिवेदी या 1995 च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की कोठडीतल्या छळाचा प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार सहसा मिळत नाही, कारण पाहणारे सगळे एकाच खात्याचे भाऊबंद असतात आणि ते तोंड उघडत नाहीत. अशा खटल्यात नेहमीच्या काटेकोर पुराव्याचा हट्ट धरला तर न्याय होणारच नाही. त्याच्याही आधी, 1985 साली, विधी आयोगाने आपल्या 113 व्या अहवालात शिफारस केली होती: पोलीस कोठडीत असताना माणसाला इजा झाली असेल तर ती त्या पोलीस अधिकाऱ्याने केली असे कोर्टाला गृहीत धरता यावे, आणि तसे नाही हे दाखवण्याची जबाबदारी त्याच्यावर यावी. पुराव्याच्या कायद्यात एक कलम घातले की झाले. ते घातले नाही. 1 जुलै 2024 पासून अख्खा नवा पुरावा कायदा लागू झाला, त्यातही ते नाही. मला या गोष्टीचा राग आहे आणि तो मी लपवत नाही.

आता बड्या कैद्यांकडे येऊ. तिथे संशय दुप्पट असतो, कारण तो बोलला असता तर कुणाची तरी अडचण झाली असती हे लोकांना दिसत असते. फायदा कुणाचा, हा प्रश्न अगदी रास्त आहे. आम्ही वकीलही तिथूनच सुरुवात करतो. पण फायदा होणे हा पुरावा नव्हे. या दोन गोष्टींत कशी गल्लत होते ते बघायला अमेरिकेतले जेफ्री एपस्टीनचे प्रकरण सगळ्यात उपयोगी, कारण त्याचे बारीकसारीक तपशील बाहेर आले आहेत.

एपस्टीन 10 ऑगस्ट 2019 च्या सकाळी न्यूयॉर्कच्या केंद्रीय तुरुंगात मृत सापडला. वय 66. अल्पवयीन मुलींच्या लैंगिक शोषणाचा गुन्हा, आणि ओळखीपाळखीत जगातली बडी बडी माणसे. 23 जुलैला तो कोठडीत गळ्यावर खुणा असलेल्या अवस्थेत सापडला होता, म्हणून त्याला खास देखरेखीखाली ठेवले आणि महिना संपता संपता ती देखरेख उठवली. त्याला एकटे ठेवू नका अशी सूचना होती. तरी 9 ऑगस्टला त्याचा सोबती दुसरीकडे हलवला आणि त्याच्या जागी कुणी आणला नाही. रात्री दर अर्ध्या तासाला फेरी मारायची होती. दोन पहारेकरी त्याच्या कोठडीपासून काही पावलांवर बसून इंटरनेटवर सामान बघत होते, मधले काही तास झोपल्यासारखे होते, आणि फेऱ्या मारल्याच्या खोट्या नोंदी त्यांनी करून ठेवल्या. त्या भागातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग यंत्र बिघडल्यामुळे होतच नव्हते. कोठडीत गरजेपेक्षा जास्त चादरी सापडल्या.

हे सगळे एका ओळीत मांडले तर कुणाही शहाण्या माणसाला वाटेल, कट आहे. पण शहराच्या मुख्य वैद्यकीय तपासनीस बाईंनी निर्णय दिला: गळफासाने आत्महत्या. भावाने नेमलेल्या नामांकित शवचिकित्सकाने गळ्यातली मोडलेली हाडे दाखवून म्हटले, हे गळा दाबण्याशी जास्त जुळते. जून 2023 मध्ये न्याय खात्याच्या महानिरीक्षकांचा अहवाल आला. त्याचे सार असे, की पहाऱ्यात ढिसाळपणा आणि खोटेपणा भरपूर, पण आत्महत्येच्या निष्कर्षाला छेद देणारे काही सापडले नाही. तेवढ्याने लोक गप्प बसले नाहीत. पुढे 2025 च्या जुलैत सरकारने फुटेज जाहीर केले, आणि त्यात मध्यरात्रीच्या आधीचा जवळपास एक मिनिट गायब निघाला. झाले, पुन्हा आग लागली.

मी या प्रकरणातून एक गोष्ट घेतो. ढिसाळपणा आणि कट हे बाहेरून हुबेहूब सारखे दिसतात. बंद कॅमेरा, खोटी नोंद, हलवलेला सोबती, उशिरा आलेला डॉक्टर हे खुनातही असते आणि निव्वळ निष्काळजीपणातही असते. म्हणून नुसत्या अशा गोष्टींची यादी करून खून सिद्ध होत नाही. पण त्याच न्यायाने, ‘यंत्र बिघडले होते’ एवढे सांगून प्रशासनाची सुटकाही होत नाही. देशातल्या सगळ्यात चर्चेतल्या कैद्याच्या दारासमोरचे यंत्र बिघडलेले राहते, तर तो बिघाड हाच एक गुन्हा समजून त्याचा जाब विचारायला हवा.

आपल्याकडे बघा. हिंडलगा कारागृह बेळगावच्या वेशीवर, 1923 सालचे. स्वातंत्र्यानंतर 1950 साली सावरकरांना काही महिने इथे स्थानबद्ध ठेवले होते. चंदनतस्कर वीरप्पनचे चार साथीदार फाशीच्या शिक्षेखाली इथेच होते. 2014 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्यांची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. थोडक्यात, नाव असलेला कैदी बेळगावला नवा नाही. आणि जानेवारी 2023 मध्ये नितीन गडकरींच्या नागपूरच्या कार्यालयात धमकीचे फोन गेले, त्यांचा माग याच कारागृहातल्या कैद्यापर्यंत पोहोचला. त्या आठवड्यात कोर्टाच्या आवारात चहा पिताना प्रत्येक जण एकच म्हणत होता: फोन आत जातो तर आणखी काय काय जात असेल? लोकांचा विश्वास असा उडतो, आणि मग पुढे कधी कुणी आत मेला की खुलासा कितीही खरा असो, ऐकणारे आधीच मान हलवत असतात.

खरे सांगायचे तर ‘मारला की मेला’ हा प्रश्नच अपुरा आहे. यात मधला मोठा गठ्ठा सुटून जातो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची 2022 ची तुरुंगांची आकडेवारी घ्या. देशभरात त्या वर्षी 1,995 कैदी मेले. त्यातले 1,773 ‘नैसर्गिक’. अनैसर्गिक 159, आणि त्यातल्या 119 आत्महत्या. लोक भांडतात ते या 159 वर. माझे लक्ष त्या 1,773 वर असते. कारण आजाराने मेला म्हणजे नैसर्गिक, एवढाच तो हिशेब. डॉक्टरकडे वेळेत नेला होता का, औषध मिळत होते का, हे त्या रकान्यात कुठे येत नाही.

राजन पिल्लई आठवा. बिस्किटांच्या धंद्यातला बडा उद्योगपती. जुलै 1995 मध्ये दिल्लीत अटक झाली, तिहारमध्ये पाठवला. यकृताचा जुना आजार होता, उपचारासाठी कोर्टात अर्जही झाला होता. अटकेनंतर तीन-चार दिवसांत, 7 जुलैला तो गेला. न्यायमूर्ती लीला सेठ यांच्या चौकशीत वैद्यकीय हेळसांड उघड झाली. गळा कुणी दाबला नाही, विष कुणी घातले नाही. पण तो मृत्यू नैसर्गिक होता असे मी तरी म्हणणार नाही. फादर स्टॅन स्वामींचेही तसेच: वय 84, कंपवात, तळोजा कारागृह. पाण्याचा पेला हातात धरता येत नाही म्हणून नळी असलेला पेला मिळावा, एवढ्यासाठी कोर्टात अर्ज करावा लागला. उच्च न्यायालयाच्या आदेशाने रुग्णालयात हलवले, तिथे 5 जुलै 2021 ला ते गेले. जामिनाची सुनावणी तेव्हाही चालूच होती. अशा मृत्यूंत कट शोधणारे लोक कधी कधी भलत्याच ठिकाणी खणतात, आणि उघड्यावर पडलेला दोष तसाच राहतो.

बैलहोंगलला कित्तूरच्या राणी चेन्नम्मांची समाधी आहे. त्या इंग्रजांच्या कैदेतच 1829 साली गेल्या. आजार कुठला होता हे आज कुणी विचारत नाही, पण ‘कैदेत गेल्या’ हे आमच्या जिल्ह्यातले शाळकरी पोरही सांगते. ताब्यात घेणाऱ्याची जबाबदारी लोकांना कायद्याच्या पुस्तकाआधीपासून कळते.

आता शरीर काय सांगते त्याकडे येतो, कारण मोबाइलवरची निम्मी भांडणे इथे असतात.

एका तुरुंगातल्या मृत्यूची चौकशी चालू होती. कच्चा कैदी, खानापूरकडचा, मी घरच्यांच्या बाजूने. न्यायदंडाधिकारी बाई स्वतः कोठडीत आल्या. खिडकीचा आडवा गज जमिनीपासून किती उंच आहे ते त्यांनी टेपने मोजायला लावले. साडेचार फूट भरले. कैद्याची उंची त्याहून बरीच जास्त. कैद्याचा थोरला भाऊ माझ्या शेजारी उभा होता, तो एकदम म्हणाला, “बाईसाहेब, पाय भुईला टेकलेले हुते की ओ. मग फास कसा बसंल? ह्यो आधी मारून मग टांगलाय.” खोलीत कुणी बोलेना. बाईंनी त्याला गप्प बसवले नाही. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना त्याच्यासमोर बोलावले आणि म्हणाल्या, याला समजेल असे सांगा.

डॉक्टरांनी सांगितले ते मी पुढे अनेक कुटुंबांना सांगत आलो. फास बसायला अधांतरी लटकावे लागत नाही. गुडघे टेकलेले असले, बसलेला असला तरी बसतो, कारण मेंदूकडे जाणाऱ्या नसा दाबायला डोक्याचा भार पुरतो. म्हणून ‘पाय टेकले होते’ याचा अर्थ खून असा होत नाही. बघायचे ते गळ्यावरच्या खुणेकडे. टांगून घेतले असेल तर खूण बहुधा तिरपी, हनुवटीच्या जवळून कानामागे वर चढत गेलेली, आणि गाठीपाशी तुटलेली. मागून दोरीने आवळला असेल तर खूण आडवी, गळ्याभोवती सलग, खालच्या बाजूला. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळलेली असेल तर टांगला तेव्हा जिवंत होता, याची ती मोठी खूण. रक्त पायांत आणि हातांच्या पंजांत उतरून साकळले असेल तर मेल्यावर बराच वेळ उभ्या अवस्थेत होता. पाठीवर साकळले असेल आणि सांगतात लटकलेला सापडला, तर मात्र प्रश्न विचारायचा. गळ्यातले ते नालासारखे हाड मोडले म्हणजे गळा दाबलाच, हेही खरे नाही. उतारवयात ते ठिसूळ होते आणि फासातही मोडते. एपस्टीनच्या प्रकरणातले भांडण नेमके याच हाडावरून होते.

त्या भावाने फोटो पाहिले, खूण बघितली, दोन प्रश्न विचारले, आणि म्हणाला, “आता कळलं. पर त्यानं असं का केलं ते शोधा.” तो प्रश्न अगदी बरोबर होता. कैदी आठवडाभर जेवत नव्हता, बोलत नव्हता, हे बरॅकमधल्या सोबत्यांनी सांगितले. ते कुणीच वर कळवले नव्हते. चौकशी तिकडे वळली. सगळे उघड दाखवले, समजेल असे सांगितले, तर लोक ऐकतात. मी हे पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

हृदयविकाराचे थोडे वेगळे आहे. खुलाशात ‘हृदय बंद पडून मृत्यू’ असे लिहिलेले दिसले तर त्याला काडीचीही किंमत देऊ नका. मेलेल्या प्रत्येकाचे हृदय बंद पडलेलेच असते. का बंद पडले ते कारण हवे. दुसरीकडे, झटका येऊन तासाभरात माणूस गेला असेल तर हृदय नुसत्या डोळ्यांना जवळपास धडधाकट दिसू शकते. बदल दिसायला काही तास जावे लागतात. म्हणून रक्तवाहिन्या किती चोंदल्या होत्या ते पाहायचे आणि तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला पाठवायचे. उत्तर प्रदेशातला बाहुबली नेता मुख्तार अन्सारी तुरुंगात होता, त्याने मार्च 2024 मध्ये मरण्याच्या काही दिवस आधी कोर्टात अर्ज दिला होता, की जेवणातून विष दिले जात आहे. 28 मार्चला तो बांद्याच्या रुग्णालयात गेला. डॉक्टरांच्या पथकाने चित्रीकरणासह शवविच्छेदन केले, कारण हृदयविकार निघाले, व्हिसेरात, म्हणजे तपासायला काढलेल्या अवयवांच्या तुकड्यांत, विष सापडले नाही असा अहवाल आला. घरच्यांचे समाधान झाले नाही. माझ्या मते तिथे खरा प्रश्न अर्जाचा आहे. जिवंत कैदी कोर्टाला लिहून देतो की मला मारताहेत, त्या दिवशीच त्याचे रक्त स्वतंत्र डॉक्टरकडून तपासून घेतले असते तर नंतरच्या व्हिसेरावर इतके भांडण झाले नसते.

व्हिसेरावरूनही गैरसमज फार. शवविच्छेदनाच्या कागदावर ‘मत राखून ठेवले’ असे आले की लोक म्हणतात, दडपले. तसे नसते. पोट, यकृत, मूत्रपिंडाचे तुकडे प्रयोगशाळेत जातात, उत्तर यायला महिने लागतात, तोवर डॉक्टर मत देत नाही आणि देऊही नये. बघायचे ते दुसरेच: विषासाठीचे तुकडे मिठाच्या संपृक्त पाण्यात ठेवायचे असतात आणि सूक्ष्मदर्शकासाठीचे फॉर्मालिनमध्ये. अदलाबदल झाली तर विषाचा तपास बिघडला. बरण्यांवर सील कुणाचे, कधी पाठवल्या, प्रयोगशाळेत कधी पोहोचल्या, मधले दिवस कुठल्या कपाटात होत्या, हे मी उलटतपासणीत हमखास विचारतो. एका प्रकरणात फासाचे कापडच जपून ठेवले नव्हते. गळ्यावरच्या खुणेची रुंदी कशाशी जुळवायची? तो प्रश्न कायमचा उघडा राहिला, आणि त्या घरात आजही तो खूनच आहे. मला त्यांना दोष देता येत नाही.

कागदांत माझ्या मते सगळ्यात मोलाचा कागद मेल्यानंतरचा नसतोच. तो असतो तुरुंगात पहिल्यांदा आणताना केलेल्या वैद्यकीय तपासणीचा. अटकेनंतर डॉक्टरची तपासणी, मग कारागृहात घेताना तिथल्या डॉक्टरची तपासणी. अंगावर काय खुणा होत्या ते त्यात येते. मेल्यावर सापडलेल्या जखमा त्यात नसतील तर त्या आत झाल्या. असतील तर पोलिसांकडे बोट जाते. आणि दोन्ही तपासण्यांत ‘काही नाही’ असे एकाच शाईत, एकाच अक्षरात लिहिलेले असेल तर कोर्टाला तेही दाखवायचे.

कायदा यंत्रणेला मोकळे सोडत नाही, हे लोकांना माहीत नसते. पोलीस किंवा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला तर न्यायदंडाधिकाऱ्याने चौकशी करायची, ही तरतूद 2006 पासून लागू आहे. आता ती नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम 196 मध्ये आहे. त्याआधी हे काम तहसीलदार, प्रांत यांच्याकडे असायचे, म्हणजे सरकारच सरकारची चौकशी करायचे. शक्य असेल तिथे नातेवाइकांना कळवायचे आणि चौकशीला हजर राहू द्यायचे. 24 तासांत देह शवविच्छेदनाला पाठवायचा, नाही पाठवला तर कारण लेखी द्यायचे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने 1993 च्या डिसेंबरात सांगितले, की असा मृत्यू 24 तासांत आयोगाला कळवा, आणि 1995 मध्ये शवविच्छेदनाचे चित्रीकरण करायला सांगितले. ओडिशातल्या नीलाबती बेहरा यांचा मुलगा पोलिसांच्या ताब्यातून दुसऱ्या दिवशी रेल्वे रुळांवर मृत सापडला. 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला दीड लाख रुपये भरपाई द्यायला लावली. पोलीस ठाण्यांतले कॅमेरे आणि दीड वर्षापर्यंतचे फुटेज, हा आदेश डिसेंबर 2020 चा. फुटेज मागायचा अर्ज म्हणून पहिल्याच आठवड्यात करायचा.

चौकशी नाकारली तर काय होते, ते जनसंघाचे संस्थापक श्यामाप्रसाद मुखर्जींच्या बाबतीत देशाने पाहिले. 23 जून 1953 ला श्रीनगरला स्थानबद्धतेत गेले. त्यांच्या आईने पंतप्रधान नेहरूंकडे चौकशी मागितली, ती झाली नाही. सात दशके लोटली, संशय तसाच ताजा आहे, आणि आता खरे कळण्याची वाटही उरलेली नाही.

आणि लोकांचा संशय खराही निघतो. आंबोली घाटातून आपण सावंतवाडीला जातो. नोव्हेंबर 2017 मध्ये सांगलीच्या पोलीस ठाण्यातून एक तरुण आरोपी पळून गेला असे पोलिसांनी सांगितले. घरच्यांनी ते मानले नाही, ठाण्यासमोर बसून राहिले. तपासात पुढे आले ते असे, की कोठडीत मारहाणीत तो मेला आणि देह आंबोलीला नेऊन जाळला; आरोपी म्हणून पोलीसच पकडले गेले. तो काही बडा कैदी नव्हता. घरचे हटले नाहीत म्हणूनच ते बाहेर आले. तुमच्या घरातल्या थोरल्यांच्या मनात अशीच कुठली तरी घटना असणार. सगळेच मृत्यू घडवून आणलेले असतात हे त्यांचे म्हणणे चूक आहे, पण ते हवेतून आलेले नाही.

आता आपल्या भागातली एक वेगळी अडचण, जिच्यावर बाहेरचे कुणी बोलत नाही. खानापूर, बेळगाव, निपाणीकडचा मराठी माणूस आत मेला तर त्याच्या घरच्यांच्या हातात येणारा प्रत्येक कागद कन्नडमध्ये असतो. इथे पोलीस ‘यू.डी.आर.’ नोंदवतात, पलीकडे चंदगडला त्यालाच अकस्मात मृत्यूची नोंद म्हणतात. शवागाराच्या दारात हवालदार कागद पुढे करतो, देह ताब्यात मिळायचा असतो, गावाकडे माणसे खोळंबलेली असतात. बापाने सही ठोकली. महिन्याने तो कागद माझ्याकडे येतो, मी वाचून सांगतो, की त्यात ‘आमचा कुणावर संशय नाही’ असे तुमच्या नावाने लिहिले आहे. बाप नुसता बघत राहतो. कधी लिहिणाऱ्याच्या मनात खोटेपणा असतो, कधी नसतोही, छापील मजकुराची सवय असते. पण त्या क्षणी त्या घरात जो अविश्वास बसतो तो पुढचा कुठलाही अहवाल पुसू शकत नाही. कन्नडबद्दल माझी काही तक्रार नाही. मी त्याच भाषेत रोज युक्तिवाद करतो, आणि अशा कुटुंबांसाठी रात्री उशिरापर्यंत थांबलेले कन्नड कारकून मी पाहिले आहेत. मागणे इतकेच आहे, की सही घेण्याआधी वाचून, समजावून सांगा.

म्हणून सर, तुमच्या गावात कुणावर ही वेळ आली तर त्यांना एवढे सांगा. बडा कैदी असो की कुणी न विचारलेला, काम तेच. शेवटचा जिवंत कुणी पाहिला आणि किती वाजता, हे फोन आला त्याच क्षणी विचारून लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी वेळा बदलतात. रुग्णालयात नेला तर तिथल्या वहीत ‘दाखल’ आहे की ‘आणला तेव्हा मृत’, ते बघा. पंचनाम्याला न्यायदंडाधिकारी हजर आहेत का ते विचारा. देह धुण्याआधी पुढून-मागून पाहा, तळपाय बघा, फोटोची परवानगी मागा. चित्रीकरण होणार का ते लेखी विचारा. कपडे आणि फासाचे कापड सीलबंद जप्त झाले का ते नोंदवून घ्या. प्रवेशाच्या वेळच्या तपासणीची नक्कल मागा. चौकशी अहवाल आपोआप घरी येत नाही, त्यासाठी कोर्टात अर्ज करावा लागतो, आणि समाधान झाले नाही तर धारवाडच्या खंडपीठाचे दार उघडे आहे.

आणि दारात कागद पुढे आला तर सही करण्याआधी त्यावर मराठीत, आपल्या हाताने, एक ओळ लिहा: ‘मजकूर कन्नडमध्ये आहे, मला वाचता येत नाही, वाचून दाखवलेला नाही.’ त्याखाली तारीख, वेळ आणि सही. या ओळीमुळे देह अडवून धरायचा अधिकार कुणाला मिळत नाही, हेही त्यांना सांगा. कुणी अडवलाच तर त्याच क्षणी वकिलाला फोन लावा, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी.